पिवळा पट्टा

“त्यांना आया म्हणून दाखवू. आयाला वेगळे पैसे लागत नाहीत,” रिसॉर्टच्या काउंटरपाशी जिजू स्नेहल दीदीच्या कानाशी म्हणाले. मी त्यांच्या मागेच उभी होते, बाळाच्या दुधाच्या बाटल्यांची पिशवी धरून. दीदीने एकदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नव्हे, माझ्या पलीकडे. काचेच्या मोठ्या दाराजवळ माझी आई दीदीच्या दहा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन उभी होती आणि ते दार आपोआप उघडतं-मिटतं ते त्याला दाखवत होती. “मम्मीला विचारा,” दीदी म्हणाली. विचारावं लागलं नाही, मोठ्या मम्मीने ऐकलं होतं. “टाका की,” ती म्हणाली. “तिला कुठं त्यातलं काय वाचता येतंय.”

मोठे पप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी मम्मी त्यांची बायको आणि स्नेहल दीदी त्यांची लग्न झालेली मुलगी. लहानपणापासून मी त्यांना हेच म्हणत आले. वडील देवगाव रंगारीला शेतावर राहायचे. मला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा आई आणि मी बजाजनगरला मोठ्या पप्पांच्या घरी राहायला आलो. त्यांचं वाळूजला छोटं वर्कशॉप होतं, घर दुमजली होतं आणि दारात गाडी होती. माझी फी ते भरत. आई स्वयंपाक करायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या सकाळी ती उठली, ओट्याजवळ गेली आणि तिथेच राहिली. त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने आठवतात. पहाटेच्या शिफ्टच्या बसचा हॉर्न, मग कुकरची शिट्टी, मग आईच्या हातची भाकरी थापल्याचा थप थप आवाज, आणि शेवटी मोठ्या मम्मीच्या चपला जिन्यावरून खाली येताना. चपला वाजल्या की चहा गाळलेला असायचा.

आमच्यात बायका मागून जेवतात. आधी पुरुष आणि पोरंटोरं, मग थोरल्या बायका, मग जी वाढत असते ती. बजाजनगरला डायनिंग टेबल आलं तरी ही रीत टेबलाला चिकटून आली. आई सगळ्यांच्या मागून, ओट्याला टेकून, ताट हातात घेऊन जेवायची. एक भाकरी ती वाटीखाली झाकून ठेवी, कुणी अचानक आलं तर म्हणून. कुणी आलं नाही तर तीच तिची. ती जेवताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं आहे. आज हे लिहिताना लक्षात येतं की घरात ती जेवली की नाही हे विचारायची पद्धतच नव्हती. ती मागून जेवते, एवढं सगळ्यांना पुरायचं.

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात जिजूंनी गोव्याच्या एका मोठ्या रिसॉर्टचं ठरवलं. समुद्राला लागून, आत शिरल्यावर राहणं, खाणं, पिणं, पोहणं, खेळ सगळं त्यातच. मनगटावर पट्टा बांधला की चार दिवस खिशात हात घालायचा नाही. बाळाकडे बघायला कोणीतरी हवं म्हणून आईला घेतलं, आणि आई येणार म्हणून मला. आईने दोन दिवस आधीपासून धपाटे लावले. ज्वारीचे, लसूण-कोथिंबीर घातलेले, प्रवासात टिकावेत म्हणून जरा कडक भाजलेले. स्टीलचा उभा डबा गच्च भरला, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. ट्रॅव्हलरमध्ये सोलापूरच्या पुढे तिने डबा उघडला तर दीदी म्हणाली, “काकू, तिथं सगळं आहे. हे कशाला आता?” जिजूंनी दोन खाल्ले, चांगले झालेत म्हणाले. बाकीचे तसेच राहिले. आईने झाकण लावलं. तिला वाईट वाटल्याचं मला दिसलं नाही. तिला नुसतं झाकण नीट बसलंय का ते पाहायचं होतं.

तर काउंटरवर फॉर्म आला. मोठ्या पप्पांनी गार टॉवेलने मान पुसली, गवती चहाचं पाणी एका घोटात संपवलं आणि सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमची वैष्णू भरंल. इंग्रजी शाळेत घातलीय ती काय उगाच?” मी पेन घेतलं. नाव, वय, नातं असे रकाने होते. सहा ओळी सरळ भरल्या. सातव्या ओळीत मी मंगल लिहिलं, आडनाव लिहिलं, वय एकोणचाळीस. नात्याच्या रकान्यात पेन थांबलं. मोठ्या मम्मीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो जड नव्हता. “लिही,” ती म्हणाली, “मागं लोक थांबलेत.” मी नॅनी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. शाळेत अक्षराचं बक्षीस मला दोनदा मिळालं होतं.

काउंटरवरच्या मुलीने बाळाकडे बघून मराठीत म्हटलं, “किती गोड आहे हा.” माझ्याशी मात्र ती इंग्रजीत बोलली. निळ्या पट्ट्यांसाठी तीन हॉल, चालू असतील तेव्हा कधीही या, काहीही खा. पिवळ्या पट्ट्यासाठी, म्हणजे आया आणि ड्रायव्हर लोकांसाठी, मागे लाँड्रीच्या शेजारी कँटीन आहे. दुपारी तीन ते चार आणि रात्री नऊनंतर. “तुम्ही त्यांना सांगाल ना?” तिने विचारलं. मी मान हलवली. “काय म्हणली?” मोठ्या मम्मीने विचारलं. “जेवणाच्या वेळा सांगितल्या,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पट्टा बांधणाऱ्या माणसाला आईच्या हिरव्या बांगड्यांमधून जागा सापडेना. शेवटी त्याने तो बांगड्यांच्या वर, हाताला करकचून बांधला. एकदा लावला की कापूनच निघणारा. आईने आमच्या सगळ्यांच्या मनगटांकडे पाहिलं. “माझाच पिवळा कसा गं?”

“निळे संपले असतील.”

“बरंय,” ती म्हणाली, “हळदीचा रंग हाय.”

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. वाक्यही साधं होतं. पण ते वाक्य सांगितलं की त्याच्या मागून दुसरं यायचं, की का, आणि मग तिसरं, की लिहिलं कुणी. मी इंग्रजीत वाक्य बनवून पाहिलं, मराठीत बनवून पाहिलं. दोन्हीकडे शेवटी माझं अक्षर होतं. म्हणून मी ठरवलं की दुपारी सांगेन. दुपारी ठरवलं की संध्याकाळी.

खोल्या दोन होत्या. एकीत मोठे पप्पा, मोठी मम्मी आणि सोफ्यावर मी. दुसरीत दीदी, जिजू, बाळ आणि खाली गादी टाकून आई. समुद्र खिडकीतूनच दिसायचा. आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती खिडकीची चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, “ह्याला कुणी बंद करत नाय का? मोटर चालू ऱ्हायल्यावानी वाटतंय.” मला हसू आलं. तिला खरंच चैन पडत नव्हतं. गावी विहिरीची मोटर नको तेवढी चालली की ती पळत जाऊन बंद करायची, आणि इथे चार दिवस तो आवाज चालूच होता.

खाण्याच्या हॉलचं वर्णन करायला गेलं तर मला अजून तोंडाला पाणी सुटतं, आणि लाजही वाटते. सकाळी डोशाचा तवा वेगळा, अंड्यांचा वेगळा. दुपारी एकीकडे पांढऱ्या सॉसमधला पास्ता, एकीकडे कोळंबीचा रस्सा, मध्ये बर्फावर मांडलेली कलिंगडं, आणि शेवटी गोडाचं टेबल, जिथे कस्टर्डच्या छोट्या काचेच्या वाट्या रांगेत उभ्या असायच्या. मोठे पप्पा तीन ताटं घेऊन यायचे. “भरलंय तर खायचं,” ते म्हणायचे. आम्ही खायचो आणि आई बाहेर, हॉलच्या काचेपलीकडे, नारळाच्या झाडाखालच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसायची. ते ऊन नको, एसी नको असं बाळ होतं. सावलीत आणि आईच्या मांडीवरच झोपायचं. काचेतून ती आम्हाला दिसायची. तिने पहिल्या दिवशी एकदा हात हलवला. मोठ्या मम्मीने काटा वर करून उत्तर दिलं.

पहिल्या दिवशी आमचं झाल्यावर आई मागच्या पंगतीची वाट बघत बसली. साडेतीनला हॉल बंद झाला. ती खोलीवर गेली आणि तिने धपाटे खाल्ले. हे मला नंतर कळलं. संध्याकाळी मी विचारलं, “जेवलीस?” ती म्हणाली, “जेवले की.” दुसऱ्या दिवशी बाळ झोपल्यावर त्याला दीदीकडे देऊन ती दारापर्यंत गेली. दारावरच्या माणसाने पट्टा पाहिला आणि हाताने थांबवलं, मग मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिला वाटलं, गर्दी सरू द्या म्हणतोय, तिकडं बसा म्हणतोय. ती बाकावर जाऊन बसली. त्या दिवशीही दार बंद झालं. “लई गर्दी असती बाई इथं,” ती मला हसत सांगत होती. “आपल्या लग्नातल्यावानी. बायकांची पंगत बसूस्तर अन्नच सरतंय.” खोलीत किटली होती, चहा-साखरेच्या पुड्या होत्या, बाळासाठी आलेली केळी होती. ती म्हणाली, मला काय कमी नाय.

मी तिच्याशी हे बोलले तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते. कँटीन चालू होतं. आम्ही उभ्या होतो तिथून लाँड्रीचा धूर दिसत होता.

त्याच दिवशी टेबल टेनिसच्या खोलीत इंदूरची एक मुलगी माझ्याशी बोलायला लागली. माझ्याच वयाची, भराभर इंग्रजी बोलणारी. मला असं कुणी आपणहून मैत्रीण करत नसे, शाळेतही नाही. मी गप्प राहणारी, डबा उघडताना हात आडवा धरणारी. तिने मला खेळायला शिकवलं. मध्येच खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, “तुमची नॅनी किती चांगली आहे. आमची तर सारखी फोनवर असते. तुमच्याकडेच राहते का?”

“हो,” मी म्हणाले. “मी लहान असल्यापासून.”

आणि सर्व्हिस केली. तो गुण मला मिळाला.

त्या संध्याकाळी जेवताना मोठे पप्पा खुशीत होते. त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरला आणि म्हणाले, “वैष्णूला पुण्याला टाकू. कॉलेज, होस्टेल, समदं माझ्याकडं. आपल्या खानदानात पोरगी इंजिनियर झाली पायजे.” मी सहा महिने याच वाक्याची वाट पाहत होते; त्याच्यावाचून माझं शिक्षण बजाजनगरच्या त्या घरातच संपणार होतं. मोठी मम्मी मिठाची बाटली पुढे सरकवत म्हणाली, “जाऊंद्या पोरीला. मंगल ऱ्हाईल माझ्याजवळ. मला बी हाताखाली कुणीतरी पायजेच की. पण जरा आमच्या शब्दात ऱ्हा बरं वैष्णू. शिकलेल्या पोरी लई बोलायला लागतात.” सगळे हसले. मीही हसले. जिजूंनी विचारलं, “काकू जेवल्या का पण?” मला वाटतं, चार दिवसांत हा प्रश्न विचारणारे ते एकटेच. मोठी मम्मी म्हणाली, “ती मागून जेवती. सवयच हाय तिला,” आणि जिजूंनी नान तोडला.

आता मी कामानिमित्त हॉटेलांत राहते. मनगटाला काही बांधायला कुणी पुढे आलं की हात आपोआप मागे जातो. ड्रायव्हरचं जेवण कुठे आहे हे मी आधी विचारते, आणि सहकारी म्हणतात, किती विचार करतेस तू. मी त्यांना काही सांगत नाही. मला हे चांगुलपण म्हणून मिरवायचं नाही. ज्या दातात कळ येऊन गेली तिथे जीभ जाते, तसं ते आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दीदीचा गॉगल आणायला त्यांच्या खोलीत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाळ पलंगावर झोपलं होतं, दोन्ही बाजूंना उशा लावलेलं. आई बाल्कनीत खाली बसली होती, पाठमोरी, पुढे डबा. पडद्याआडून मला तिचे हात दिसले. तिथल्या दमट हवेने धपाट्यांना बुरशी धरली होती. ती एकेक उचलून उजेडात धरायची, पांढरट-हिरवट कडा नखाने तोडायची आणि रुमालावर बाजूला ठेवायची. उरलेला तुकडा चटणीला लावून खायची. घाईने नाही. निवडून भाजी चिरावी तसं. किटलीतल्या चहाचा कप शेजारी होता. तिने एक धपाटा पूर्णच बाजूला टाकला, मग थोडा विचार केला, परत उचलला आणि मधला रुपयाएवढा भाग काढून घेतला.

मी गॉगल घेतला. मला अगदी आठवतंय, तो घेताना आवाज होऊ नये म्हणून मी त्याच्या काड्या मिटल्या. मग हॉलमध्ये गेले आणि कस्टर्डच्या दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी घेतली ती संपली नाही.

शेवटच्या दिवशी बाराला खोल्या सोडायच्या होत्या आणि जेवून लगेच निघायचं होतं. मागची पंगत बसायला वेळच नव्हता. आईने सकाळी डबा घासून उन्हात पालथा घातला होता. तो रिकामा झाला होता. तिने अंघोळ केली, दीदीच्या लग्नात मिळालेली मोरपंखी साडी नेसली, केस चापून बसवले. बाळाला दीदीच्या हातात दिलं. “आज मी बी सगळ्यांबरोबरच बसते,” ती म्हणाली. “निघायचंय तर. आक्का, चालंल ना?” मोठ्या जावेला ती आक्का म्हणायची. मोठी मम्मी म्हणाली, “मला काय विचारती? चल की.” आणि माझ्याकडे पाहिलं.

ती आमच्याबरोबर रांगेत उभी राहिली. माझ्या पुढे, दीदीच्या मागे. काचेतून आतलं दिसत होतं आणि ती चवड्यांवर उंच होऊन बघत होती. “ते गोल गोल काय हाय गं, पिवळं?”

“कस्टर्ड.”

“कसं लागतंय?”

“गोड.”

दारावरच्या माणसाने निळे पट्टे पाहत एकेकाला आत सोडलं. मोठे पप्पा, मोठी मम्मी, जिजू, दीदी. आईने आपणहून हात पुढे केला, बांगड्या मनगटाकडे सारून, पट्टा नीट दिसावा म्हणून. त्याने हात आडवा घातला. ती मागे सरकली, पण रांगेतून हलली नाही. “आज गाडी निघायचीय दादा,” तिने त्याला समजावून सांगितलं. “आज थांबायला येत नाय.” तिच्या कपाळावर घाम आला होता. मागे इंदूरची मुलगी तिच्या आईवडिलांबरोबर उभी होती.

त्याने काउंटरवरच्या त्याच मुलीला बोलावलं. ती आली, तिने आईची साडी पाहिली, चेहरा पाहिला, मग माझा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला. आमचं नाक सारखंच आहे. ती हळू आवाजात मला इंग्रजीत म्हणाली, “मॅडम, या तुमच्या घरच्या आहेत का? फॉर्ममध्ये चूक झाली असेल तर काही हरकत नाही. तुम्ही फक्त हो म्हणा, मी पट्टा बदलून देते. आत्ताच.” तिच्या हातात निळा पट्टा होता. तो ती बरोबर घेऊनच आली होती.

“काय म्हणती ती?” मोठी मम्मी दारातून म्हणाली. मोठे पप्पा आतून ताट घेऊन वळले होते. त्यांनी भुवया वर केल्या. जिजू फोनमध्ये बघत होते. फक्त एक हो म्हणायचं होतं, आणि मला माहीत होतं की त्या होमागे फॉर्म निघेल, जिजूंचा सल्ला निघेल, सगळ्या हॉलसमोर मोठ्या पप्पांचं नाक कापलं जाईल, आणि संध्याकाळपर्यंत पुणे राहणार नाही. हे मी सगळं मोजलं. इतक्या वेगाने मी कधी परीक्षेतही काही मोजलेलं नाही.

“नो,” मी म्हणाले.

त्या मुलीने निळा पट्टा मुठीत मिटला. आई माझ्याकडे बघत होती. मी इंग्रजी बोलले की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं तेच आलं होतं. “बघा आक्का,” ती म्हणाली, “कशी बोलती पोरगी. आता सोडतील.” आणि तिने पुढे पाऊल टाकलं.

मी तिचा हात धरला, पट्ट्याच्या जरा वर.

“आई,” मी म्हणाले, “तुझं जेवण इथं नाही. मागं लाँड्रीजवळ आहे, नोकरांच्यात. पहिल्या दिवसापासून तिथंच होतं.”